चालता सरू, जल्लाद, तीळ

पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाचं गाव आहे. मी तिथे शिकत असताना वडील पुण्यात लोकांना सांगत, "मुलगा स्टेट कॉलेजात आहे," आणि ऐकणाऱ्यांना वाटे, बिचाऱ्याला नावाजलेल्या विद्यापीठात मिळालं नाही. साल दोन हजार चारच्या आसपासचं असेल. कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्सचं माझं दुसरं वर्ष होतं, आणि पुढे असिस्टंटशिप देता येणार नाही असं माझ्या विभागाने अतिशय सभ्य भाषेत कळवलं होतं. असिस्टंटशिप नाही तर फी नाही, फी नाही तर नावनोंदणी नाही, आणि नाव नोंदलेलं नसलं की व्हिसावरच्या माणसाला त्या देशात थांबायचं कारण उरत नाही. इतकं सरळ होतं.

तेव्हा ग्रंथालयाच्या नोटीसबोर्डावर एक चिठ्ठी दिसली. अभिजात तुर्की काव्य शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेला "कॉम्प्युटर समजणारा आणि कवितेची भीती नसलेला" सहायक हवा होता. पहिली अट मी पुरी करत होतो. दुसरीची कुणी परीक्षा घेणार नव्हतं.

त्यांना मी तोंडावर 'प्रोफेसर' म्हणायचो आणि मनात 'बाई'. बाई साठीच्या, इस्तंबूलच्या. राखाडी स्वेटर, त्याच्या खिशात पेन्सिल, आणि कंबरेत बारीक असलेल्या छोट्या काचेच्या पेल्यातून दिवसभर कोरा चहा. त्यांच्या खोलीत भिंतीभर बुटांची रिकामी खोकी रचलेली होती, आणि प्रत्येक खोक्यात हाताने लिहिलेली कार्डं. जुने तुर्की दरबारी कवी आपल्या प्रिय व्यक्तीला आणि तिच्या रूपाला ज्या ज्या शब्दांनी संबोधत, त्यातल्या प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. शब्द, अर्थ, कुठल्या हस्तलिखितात सापडला, आणि शेजारी कुठला दुसरा शब्द होता. तीस वर्षांचं काम. ते कॉम्प्युटरमध्ये घालून त्याची शोधता येईल अशी सूची करायची, हे माझं काम.

"त्या कवितेत नवी उपमा आणणं हा अडाणीपणा समजत," बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "शब्द सगळे ठरलेले. कोण कुठला शब्द कशाशेजारी बसवतो, त्यात सगळी कला."

ठरलेले शब्द मी टाइप करू लागलो. प्रिय व्यक्तीची उंची म्हणजे सरूचं झाड, आणि ती चालू लागली की चालता सरू. मी दापोलीच्या किनाऱ्यावरचं आपलं सुरूचं झाड डोळ्यांपुढे आणलं आणि ते माझ्या दिशेने येतंय अशी कल्पना केली. प्रेमात पडण्याऐवजी पळून जावंसं वाटलं. बाईंनी मग पुस्तकातलं चित्र दाखवलं. त्यांचा सरू वेगळा, मिटलेल्या छत्रीसारखा सरळ आणि गडद. त्याने थोडं बरं वाटलं. चेहरा चंद्र, ओठ माणिक, गाल गुलाब इथपर्यंत ठीक होतं. पुढे भुवया धनुष्य, पापण्या बाण, केस म्हणजे फास, आणि हनुवटीवरची खळी म्हणजे विहीर, जिच्यात प्रेमिकांची हृदयं पडतात आणि वर येत नाहीत. एकूण त्या चेहऱ्याच्या आसपास फिरणं धोक्याचं होतं. खुद्द व्यक्तीलाही यार, दिलबर, सुलतान, मूर्ती, काफर, जालीम, आफत आणि जल्लाद असं काहीही म्हणत. यातले निम्मे शब्द मला घरचेच होते. जालीम हे आपल्याकडे औषध असतं, आफत पाहुण्यांच्या रूपाने येते, आणि यार हा शब्द माझा नागपूरचा रूममेट प्रत्येक वाक्यात घालत असे.

गालावरच्या काळ्या तिळाला ते कवी 'हिंदू' म्हणत. कधी तो सौंदर्याच्या खजिन्यावरचा पहारेकरी असे, कधी चोर. ते कार्ड वाचताना बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"वाईट वाटलं का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. "पुण्याहून निघून इतक्या चांगल्या जागी बसायला मिळालं, तक्रार कसली करणार."

मी केलेल्या तक्त्यात 'स्त्री की पुरुष' असा एक रकाना होता आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नसे. बाईंनी तो काढायला लावला. कवितेत ते कधी कळतच नाही म्हणाल्या, आणि कळावं अशी कुणाची इच्छाही नव्हती. आणखी एकदा मी त्यांना सांगितलं की बरीच कार्डं अर्धवट आहेत, 'तोंड' या शब्दापुढे नुसतंच 'नाही' लिहिलंय. त्या हसल्या. सुंदर तोंड इतकं इवलं असायला हवं की ते जवळजवळ नसतंच, म्हणून त्याला 'नाही' हेच नाव. मी ते निमूटपणे भरलं. माझ्या शिक्षणात रिकामा रकाना आणि 'नाही' हे नाव असलेला रकाना यांत फरक करायची वेळ आली नव्हती.

रूममेट मेकॅनिकलचा. दिवाळीत नागपूरला जाऊन साखरपुडा करून आला होता. मुलगी तिथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. दोघांत रोज ई-मेल चालत. एका रविवारी दुपारी मी घरी टाइप करत बसलो होतो. आमच्यात कॉम्प्युटर एकच होता आणि तो हॉलमध्ये होता. तो मागून येऊन वाकून बघू लागला.

"काय करून राहिला बे?"

मी सांगितलं.

"तीन हजार?" तो म्हणाला. "एका बाईसाठी तीन हजार शब्द? अन् मी इथे 'जेवलीस का'च्या पुढे जात नाही यार. जेवलीस का, काय जेवलीस, इथे बर्फ पडला. तीन महिने झाले, बर्फ वितळून राहिला, आता काय लिहू? दे ना चार-दोन."

मी नाही म्हटलं. हे अप्रकाशित संशोधन आहे, मूळ संशोधकाच्या परवानगीशिवाय ते बाहेर देता येत नाही, असं काहीतरी मी बोललो. संशोधनात शिरून मला दोनच महिने झाले होते, पण त्यातला रुबाब लवकर जमतो.

"बरं, साहेब," तो म्हणाला आणि भात लावायला गेला.

मार्च उजाडला तसं बाईंच्या कामाचं भवितव्य ठरवायला एक समिती नेमली गेली. शुक्रवारी सकाळी समितीपुढे सूची उघडून दाखवायची होती. पटलं तर काम पुढच्या वर्षी चालू राहणार, आणि कामाबरोबर मीही. नाही पटलं तर खोकी बाईंच्या घरी जाणार आणि मी माझ्या. त्या वर्षांत अमेरिकन विद्यापीठांना पुलांचं फार वेड होतं. पूर्व आणि पश्चिम यांच्यातला पूल, दोन संस्कृतींमधला पूल. समितीच्या कागदावर बाईंच्या बुटांच्या खोक्यांनाही पूल म्हटलेलं होतं.

"पुलावर कुणी घर करत नाही," बाई कागद खाली ठेवत म्हणाल्या. "पण सही करते. करायलाच हवी."

मला वाटलं, समितीपुढे काहीतरी नेटकं, झटपट चालणारं दाखवावं. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या अंगी एक गोष्ट मुरवलेली असते. एकच गोष्ट दोनदा लिहायची नाही. एका माणसाची तीन नावं तीन ठिकाणी असतील तर ती एकत्र करायची, म्हणजे गोंधळ होत नाही. त्याआधी मी बाईंना एकदा विचारलं होतं की चंद्र, सरू, सुलतान, जल्लाद हे सगळे शब्द वेगवेगळ्या लोकांसाठी आहेत का. बाई चहा ओतत होत्या. म्हणाल्या, "नाही हो. पाचशे वर्षं, शेकडो कवी, आणि व्यक्ती कायम एकच."

मी ते तंतोतंत घेतलं. सोमवारी दुपारी बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्या नोंदी त्या एका व्यक्तीत विलीन करून टाकल्या. तीन हजार ओळींची एक ओळ झाली. फाइल इतकी हलकी झाली की मला स्वतःचं कौतुक वाटलं. आणि काम झाल्या झाल्या बॅकअप घ्यायचा ही शिस्त कॉलेजपासून लागलेली असल्याने मी ताबडतोब बॅकअपच्या फ्लॉपीवर जुनी फाइल पुसून ही नवी घातली. घरच्या आणि बाईंच्या कॉम्प्युटरवरही तेच केलं. निष्काळजी माणसाकडून एवढा सर्वनाश झाला नसता.

मंगळवारी सकाळी बाईंना दाखवलं. 'चालता सरू' टाइप केलं. उत्तर आलं, 'प्रिय व्यक्ती'. 'जल्लाद' टाइप केलं, 'प्रिय व्यक्ती'. चंद्र, आफत, मूर्ती, काफर, सगळ्यांना तेच उत्तर, आणि तेही निमिषात. बाईंनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि स्वतः दोन-तीन शब्द घालून पाहिले.

"बरोबर आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "शब्दकोशातही हेच लिहिलेलं असतं. प्रिय व्यक्ती. म्हणून तर मी ही कार्डं लिहीत बसले." मग म्हणाल्या, "आता आधीची फाइल उघडा."

आधीची फाइल नव्हती, हे सांगायला मला बराच वेळ लागला. मी आधी फ्लॉपी घालून पाहिली, मग ती काढून पुन्हा घातली. त्यांनी मला चहा दिला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्या वेळी वाटलं, आणि पुढे अनेकदा अनेकांच्या बाबतीत वाटलं आहे.

"कार्डं आहेत," त्या म्हणाल्या. "पण शुक्रवारपर्यंत तीन हजार कार्डं पुन्हा टाइप होणार नाहीत. समितीला सांगू, काम चालू आहे."

काम चालू आहे हे वाक्य समित्या किती ऐकतात आणि ऐकून काय करतात, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बसने घरी आलो. रूममेट हॉलमध्ये वरण-भात खात बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं, आणि सामान कधी विकायला काढायचं, खुर्ची कोण घेईल, तेही बोलून टाकलं. त्याने ताट खाली ठेवलं.

"तू मारशील मला," तो म्हणाला.

"का?"

"तू त्या दिवशी नाही म्हटलं ना, अन् दुसऱ्या दिवशी क्लासला गेला. मी घेतली."

"काय घेतली?"

"फाइल, यार. पूर्ण. चोरीच केली म्हण. माझ्या फोल्डरमध्ये आहे."

मी ताबडतोब कॉम्प्युटरपाशी गेलो. त्याच्या फोल्डरमध्ये तसं काही नव्हतं. अभ्यासाच्या फाइली होत्या.

"ते 'हीट ट्रान्सफर असाइनमेंट तीन' आहे ना, ते उघड," तो मागून म्हणाला. "दोनच असाइनमेंट होत्या."

उघडली. चालता सरू, चंद्र, गुलाबकळी, सुलतान, आफत, सगळे आपापल्या ओळीत उभे होते. मी खुर्चीत मागे टेकलो. त्या रुबाबदार नकाराबद्दल त्याची माफी मागावी की चोरीबद्दल त्याला झापावं हे ठरेना, म्हणून त्याच्या ताटातली पापडाचा अर्धा तुकडा उचलून खाल्ला.

फाइल तीन आठवड्यांपूर्वीची होती. त्यानंतर मी केसांचं, तिळाचं आणि तोंडाचं खोकं टाइप केलं होतं, ते तिच्यात नव्हतं. पण तीन खोकी दोन दिवसांत होण्यासारखी होती. आणखी एक गोष्ट होती. अगदी उजवीकडे त्याने स्वतःचा एक रकाना वाढवला होता, रोमन लिपीतल्या मराठीत. इंजिनिअर असल्याने तो शब्द मूळ तुर्कीच्या अक्षरानुक्रमे पाठवत होता, रोज एका अक्षरातला एक, आणि तिकडून आलेलं उत्तर पुढे टिपून ठेवत होता. 'आवडलं.' 'विचारलं, तब्येत बरी आहे ना.' 'जल्लाद' पुढे लिहिलं होतं, 'दोन दिवस मेल नाही. मग म्हणाली, हा ओरिजनल वाटला, चंद्र तर कुणीही म्हणतं.'

बुधवारी सकाळी ती फाइल घेऊन बाईंकडे गेलो आणि घडलं ते, चोरीसकट, सांगितलं. बाईंनी तो रकाना मला वाचून भाषांतर करायला लावला. पूर्ण. नंतर मी तो पुसायला लागलो तर माझा हात धरला.

"राहू द्या. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हे शब्द ज्या कामासाठी होते त्या कामाला वापरले."

दोन दिवस आम्ही तीन खोकी टाइप केली. बाई कार्ड वाचत, मी टंकत असे, आणि दर दहा मिनिटांनी तीन ठिकाणी जतन करत असे. केसांना रात्र म्हणतात, साप म्हणतात, फाशीचा दोर म्हणतात. तिळाला दाणा म्हणतात, ज्याच्या मोहाने पाखरू केसांच्या जाळ्यात सापडतं. दाणा सांगितला की जाळं सांगावंच लागतं, आणि जाळं म्हटलं की पाखरू आलं. तेव्हा कुठे मला कळलं की मी सोमवारी काय एकत्र केलं होतं. व्यक्ती एकच होती, पण दाण्याशेजारी जाळं असतं आणि माणकाशेजारी खाण, आणि त्या शेजारासाठी तर ती कार्डं होती.

"तुमच्याकडे काय म्हणतात प्रिय व्यक्तीला?" बाईंनी गुरुवारी दुपारी विचारलं.

"कवितेत की घरात?"

"घरात."

मी आईवडिलांना आठवून पाहिलं. "'अहो' म्हणतात."

"अर्थ काय त्याचा?"

"अर्थ काही नाही. नाव घ्यायचं नसतं, म्हणून."

"म्हणजे तोंडासारखं," बाई म्हणाल्या आणि पुढचं कार्ड उचललं.

शुक्रवारी सकाळी समिती आली. चौघेजण होते, आणि डीन. डीननी सुरुवातीला पुलांवर काही मिनिटं भाषण केलं. मग मी सूची उघडली. बाईंनी 'तीळ' विचारला, तर दाणा, हिंदू, पहारेकरी, चोर, मिरी अशा ओळी एकाखाली एक उतरल्या, प्रत्येकीसमोर हस्तलिखित आणि शेजारचा शब्द. समितीतल्या एका गृहस्थांनी 'तोंड' शोधलं आणि उत्तरात 'नाही' पाहून मला विचारलं, इथे काही बिघाड आहे का. बाईंनी समजावल्यावर ते प्रसन्न झाले. मी फाइल बंद करणार एवढ्यात डीननी पडद्याच्या उजव्या टोकाला बोट लावलं.

"हा रकाना कशाचा? ही तुर्की दिसत नाही."

बाई जागच्या हलल्या नाहीत.

"वाचकाचा प्रतिसाद," त्या म्हणाल्या. "आजच्या काळातला. मराठी भाषेत."

"उत्तम," डीन म्हणाले. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "किती वाचक आहेत?"

"एक," बाई म्हणाल्या. "पण फार चिकित्सक."

डीननी तेही लिहून घेतलं. जाताना त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की नेमकी अशीच माणसं त्यांना पुलाच्या दोन्ही टोकांना हवी आहेत. मी मान डोलावली. एक टोक नागपुरात आहे आणि तिथे वनस्पतिशास्त्र शिकवलं जातं, हे सांगायची ती जागा नव्हती.

सोमवारी दोन ओळींचं पत्र आलं. काम पुढच्या वर्षी चालू ठेवावं. मी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा नुसतं बरं वाटावं म्हणून. मग बाईंच्या खोलीत गेलो. त्यांना आधीच कळलं होतं. त्या स्टुलावर चढून वरच्या रांगेतलं खोकं ओढत होत्या.

"हे धरा," त्या म्हणाल्या. "डोळे. सगळ्यात मोठं खोकं हेच आहे."

खोकं जड होतं. ते टेबलावर ठेवून मी खिडकीत उभा राहिलो. बाहेर हिरवळीवर उरलेला बर्फ कडेने विरघळून मळका झाला होता आणि मुलं त्यातून बिनमोज्यांची चालत होती. पुढचं वर्षभर मला इथेच राहायचं होतं, हे हळूहळू पायांपर्यंत पोचत होतं.

घरी येऊन रूममेटला बातमी दिली. त्याने कुकर बंद केला, हात पुसले आणि माझ्या पाठीत एक धपका घातला.

"मग खुर्ची विकायची नाही?"

"नाही."

"सुटलो यार. मी अर्ध्या किमतीत घ्यायची ठरवून ठेवली होती मनात." मग म्हणाला, "त्या बाईंना राग नाही ना आला माझा?"

"नाही. रकाना पुढे भरत राहा म्हणाल्या."

"भरू कशाने? मी एसपर्यंत आलो. काल 'चालता सरू' पाठवला तर म्हणे, सरू चालत नाही, अन् त्याला फांद्या अगदी खालपासून फुटतात, नक्की काय म्हणायचंय तुला. स्टॉक संपत आला आहे इकडे."

"डोळे येताहेत," मी सांगितलं. "मोठं खोकं आहे. पण या वेळी विचारून घे."

"विचारतोच आहे ना," तो म्हणाला. "दे."